पलंगाखालचं छप्पर

न्याम्बुरा : गुरुजी, उभ्याने नाही चालायचं हे. बसा तरी.

गुरुजी : बसायला आलेलो नाही मी. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, सगळी रक्कम एकदम काढायची असेल तर आधी आत न्याम्बुरा मॅडमना भेटा. भेटलो. आता सही कर. गावाकडची, सियायाची गाडी साडेअकराला सुटते.

न्याम्बुरा : आत्ता कुठे साडेदहा होतायत. आणि नियम भेटायचा नाही, बोलायचा आहे. जो शिक्षक रिटायर होऊन सगळे पैसे एका दिवशी मागतो, त्याच्याशी अर्धा तास बोलायचं. पतपेढीने मला या टेबलाशी त्यासाठीच बसवलंय.

गुरुजी : तुला पाचवीत भागाकार मी शिकवला.

न्याम्बुरा : शिकवलात. बाकी उरली तर खाली लिहायची, लपवायची नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. म्हणून विचारते. हे सगळे पैसे नेल्यावर बाकी काय उरतं?

गुरुजी : घर उभं राहतं.

न्याम्बुरा : ते नाही विचारलं मी. आणि त्या टोपलीत काय हलतंय?

गुरुजी : कोंबडा.

न्याम्बुरा : पतपेढीत?

गुरुजी : मग बाहेर कुणाकडे ठेवू? गावाकडे हल्ली इतका चांगला मिळत नाही, म्हणून सकाळी नाकुरूच्या बाजारातून घेतला. कुऱ्हाडही आहे. ती दारावरच्या वॉचमनने ठेवून घेतली.

न्याम्बुरा : बरं केलं त्याने. कोंबडा, कुऱ्हाड आणि आयुष्यभराचे पैसे. म्हणजे दाला मांडताय तुम्ही.

गुरुजी : तू किकुयू जमातीची, तुला आम्हा लुओंचं दाला काय माहीत?

न्याम्बुरा : आमच्या गल्लीत दोन लुओ घरं होती. माणसाने बापाच्या आवारातून बाहेर पडायचं, मोठ्या मुलाला, बायकोला, कोंबड्याला घेऊन, आणि आपलं वेगळं आवार मांडायचं. बरोबर?

गुरुजी : बरोबर. ते होत नाही तोवर माणूस साठ वर्षांचा झाला तरी बापाच्या अंगणातला पोरगाच. मी अजून पोरगाच आहे. माझी तिथे अजून लग्नाआधीचीच झोपडी आहे. चौतीस वर्षं मास्तरकी केली, हेडमास्तरांच्या खालोखाल पोचलो आणि गावात गेलो की पोरासारखा त्या झोपडीत झोपतो.

न्याम्बुरा : बायको लागते ना पण त्याला?

गुरुजी : लागते.

न्याम्बुरा : गुरुजी, रिस्पाकाकूंना जाऊन किती दिवस झाले?

गुरुजी : चार महिने अकरा दिवस.

न्याम्बुरा : माझा पहिला गणवेश त्यांनी शिवला होता. उंची वाढली की सोडता येईल म्हणून खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. सातवीपर्यंत पुरला.

गुरुजी : ती सगळ्यांनाच तसं ठेवायची. मला उशीर होतोय.

न्याम्बुरा : बायको लागते म्हणालात.

गुरुजी : शनिवारी येतेय. जोरामने ठरवलंय, माझ्या मोठ्या भावाने. उगेन्याची आहे. कोन्सोलाता नाव. तीही विधवा आहे, दोन पोरं आहेत तिला.

न्याम्बुरा : कशी आहे?

गुरुजी : चांगली आहे. दोनदा बोललो फोनवर.

न्याम्बुरा : दोनदा बोलून शनिवारी लग्न?

गुरुजी : पाऊस सुरू व्हायच्या आत भिंती उभ्या राहायला हव्यात. गवंडी थांबत नाही. विटा येऊन पडल्यात. सिमेंटवाल्याला जोरामने शब्द दिलाय. तू उगाच फाटे फोडू नकोस, न्याम्बुरा. कुठे सही करायची तेवढं दाखव.

न्याम्बुरा : दाखवते. पण बसा ना, तुमच्याकडे वर बघून बघून मान दुखायला लागली. हं. आता सांगा. कोन्सोलाता आणताय, कारण बायकोशिवाय घर मांडता येत नाही. म्हणजे बायको घरासाठी. आणि घर कुणासाठी?

गुरुजी : रिस्पासाठी.

न्याम्बुरा : काय?

गुरुजी : ऐकलंस तू.

न्याम्बुरा : ऐकलं. कळलं नाही.

गुरुजी : तुला कळायचं काय त्यात? आमच्याकडे माणूस गेलं की पुरायच्या आदली रात्र त्याने आपल्या घरात काढायची असते. रिस्पाला नाकुरूहून नेलं. माझ्या झोपडीच्या दारातून शवपेटी आत जाईना. आडवी करून बघितली, तिरपी करून बघितली. चार माणसं धरून उभी, सगळं गाव बघतंय, आणि मी दाराची चौकट मोजतोय. शेवटी जोरामच्या बैठकीत ठेवली रात्रभर. दुसऱ्याच्या घरात. जोरामची बायको म्हणाली, भाऊजी, मनाला लावून घेऊ नका, आमचं घर तिचंच की. चांगल्या मनाने म्हणाली. पण एकोणतीस वर्षं संसार करून तिला एक रात्र ठेवायला मला दार नव्हतं.

न्याम्बुरा : पाणी घेता?

गुरुजी : नको. किती वाजले?

न्याम्बुरा : पावणेअकरा. गुरुजी, मला फॉर्मवर एक आकडा लागतो. तुमचे पैसे किती वर्षं पुरायला हवेत?

गुरुजी : दोन लिही.

न्याम्बुरा : दोन?

गुरुजी : बास झाली.

न्याम्बुरा : कंप्युटर पाचाच्या खाली घेत नाही.

गुरुजी : मग पाच लिही आणि तीन खोडून टाक.

न्याम्बुरा : तुमच्या मुलीच्या, अकेयोच्या नर्सिंगची किती वर्षं राहिलीत?

गुरुजी : दोन. म्हणून तर दोन म्हणालो. नाकुरूतल्या चार खोल्यांचं भाडं येतं, त्यात तिची फी निघते. रिस्पाने लावून दिलंय ते. भाडेकरूंकडे तीच जायची. मी गेलो की मला ते चहा पाजतात आणि पुढच्या महिन्याचं सांगतात.

न्याम्बुरा : आणि तुमच्या पोटाचं?

गुरुजी : महिन्याची पेन्शन येईल.

न्याम्बुरा : पहिली यायला वेळ लागतो. तुमच्याच हेडमास्तरांना आठ महिने लागले, रोज या खुर्चीत येऊन बसायचे. तोवर काय खाणार?

गुरुजी : मला किती लागतं? सकाळी चहा-पाव. रात्रीही चहा-पाव.

न्याम्बुरा : दिसतंय ते. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, तीही खिळ्याने.

गुरुजी : तुला पट्टा बघायला बसवलंय का इथे?

न्याम्बुरा : हो, तेही बघते. शेवटची उगाली कधी खाल्लीत?

गुरुजी : एकट्यासाठी कोण मक्याचं पीठ ढवळत बसणार?

न्याम्बुरा : बरं. आता कोन्सोलाताबाई. त्या काय म्हणाल्या फोनवर?

गुरुजी : पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एकच विचारलं. घर बांधून झाल्यावर पैसे उरतील का.

न्याम्बुरा : तुम्ही काय सांगितलंत?

गुरुजी : मी म्हटलं, दादाशी बोलून सांगतो.

न्याम्बुरा : गुरुजी, या बाईने तेच विचारलं जे मी अर्धा तास विचारतेय. वर्गात असती तर तुम्ही तिला पहिल्या बाकावर बसवली असती. दोन पोरं घेऊन ती तुमच्या घरात येणार. घर नवं, छान. चूल पेटवायला काय आहे? आणि उद्या तुम्हाला काही झालं, तर तिला काय राहतं?

गुरुजी : घर राहतं.

न्याम्बुरा : जे रिस्पाकाकूंसाठी बांधलंय.

(फोन वाजतो. गुरुजींना ऐकू कमी येतं, फोन ते नेहमी मोठ्या आवाजावर ठेवून बोलतात.)

जोराम : झादोक, निघालास का?

गुरुजी : पतपेढीत आहे, दादा.

जोराम : अजून? गवंडी सकाळपासून येऊन बसलाय. दोनदा जेवला. तिसऱ्यांदा जेवला तर तुझी वहिनी त्याच्याऐवजी मला हाकलेल.

गुरुजी : येतो. थोडं कागदपत्रांचं राहिलंय.

जोराम : कसले कागद? पैसे तुझे. चौतीस वर्षं खडूची धूळ खाल्लीस त्याचे. आणि हे बघ, ते पलंगाखालचे पत्रे ट्रकमध्ये टाकून पाठव. छपराचा खर्च वाचेल. नुसते गंजतायत तिथे.

गुरुजी : गंजलेले नाहीत ते.

जोराम : बरं, नसतील गंजलेले. पाठव. कोन्सोलाताचा भाऊ आजच येणार आहे बोलायला. आणि ओडेराला सांगितलंस ना? मोठा मुलगा हवा.

गुरुजी : म्हणाला, रजा मिळाली तर येतो.

जोराम : मिळाली तर म्हणजे? बापाचं दाला आहे हे. त्याला म्हणावं, साहेबाला सांग, आजी मेली.

गुरुजी : दादा, आजी एकदाच मरते. ती त्याने गेल्या वर्षी वापरली.

जोराम : मग दुसरी आजी. निघ लवकर.

न्याम्बुरा : कोणते पत्रे, गुरुजी?

गुरुजी : काही नाही. घरातले.

न्याम्बुरा : पलंगाखाली पत्रे?

गुरुजी : रिस्पाची बायकांची भिशी होती. दर महिन्याला बारा जणी पैसे काढायच्या, आणि वर्षातून एकदा प्रत्येकीचा नंबर लागायचा. बाकीच्या बायका त्यातून भांडी आणायच्या, कुणी गादी, कुणी टीव्ही. हिने दर वर्षी पत्रे आणले. कधी दोन, कधी तीन. छत्तीस झालेत. आमच्या दालाचं छप्पर. वर्तमानपत्रात गुंडाळून, मध्ये तेलाचं फडकं घालून पलंगाखाली ठेवलेत. पलंगाला खालून विटा लावायला लागल्या. अकेयो लहान होती तेव्हा तिला वर चढवायला लागायचं.

न्याम्बुरा : म्हणजे इतकी वर्षं तुम्ही छपरावर झोपताय.

गुरुजी : झोपतो कसला. कूस बदलली की खालून वाजतात. पूर्वी ती झोपेत म्हणायची, हळू, छप्पर हलतंय. हसायची.

न्याम्बुरा : आणि नाकुरूतलं तुमचं घर? मला आठवतं, मी गणवेशाचं माप द्यायला आले होते, तेव्हा शिलाई मशीनच्या शेजारी बादली होती. टप टप आवाज येत होता.

गुरुजी : अजून आहे ती बादली. आता दोन झाल्यात.

न्याम्बुरा : वर छप्पर गळतंय आणि खाली छत्तीस नवे पत्रे?

गुरुजी : मी एकदा म्हटलं होतं तिला. तीन वर्षांमागे, मोठा पाऊस झाला तेव्हा. म्हटलं, यातले चार काढून वर टाकू. तिने बादली उचलली, ओतली, परत ठेवली. म्हणाली, ते घरचे आहेत. इथे आपण थोडेच राहणार आहोत? सगळे असंच करतात, न्याम्बुरा. नोकरीच्या गावी कसंही राहायचं, खरं घर तिकडे. माझ्या शाळेत अकरा लुओ मास्तर, अकराही जण असेच. पैसे आले की बांधू. रिटायर झालो की बांधू.

न्याम्बुरा : काकू घाई करायच्या?

गुरुजी : डिसेंबरात. दर डिसेंबरला गावी जायचो, त्या झोपडीत पहिल्या रात्री विचारायची, या वर्षी? मी म्हणायचो, रिटायर झालो की. एकोणीस वर्षं विचारलं तिने. मागच्या डिसेंबरात नाही विचारलं.

न्याम्बुरा : आजारी होत्या?

गुरुजी : तेव्हा माहीत नव्हतं. तिला असेल. मला एवढंच आठवतं की तिने विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलो यंदा. शांत झोपलो त्या रात्री.

न्याम्बुरा : गुरुजी.

गुरुजी : म्हणून सही कर. मला हे संपवायचंय. एकदा घर उभं राहिलं की मला झोप लागेल.

न्याम्बुरा : करते सही. पैसे तुमचे आहेत, मी अडवूच शकत नाही. बांधू नका असंही म्हणत नाही. फक्त फॉर्मवर शेवटचं एक कलम आहे, ते सगळ्यांना विचारते. अंत्यविधीची सोय. ते इथेच धरायचं की घराच्या खर्चात?

गुरुजी : माझं? घरातच धर. दाला झालं की माणसाला तिथेच पुरतात. आपल्या आवारात, आपल्या घराच्या बाजूला. त्यासाठीच तर असतं ते.

न्याम्बुरा : बरं. तुम्ही नव्या आवारात. आणि काकू?

गुरुजी : तिचं काय?

न्याम्बुरा : त्या कुठे आहेत आत्ता?

गुरुजी : बाबांच्या आवारात. माझ्या झोपडीच्या बाजूला.

न्याम्बुरा : त्यांना मग नव्या आवारात हलवतात?

गुरुजी : नाही. पुरलेल्याला हलवत नाहीत.

न्याम्बुरा : म्हणजे त्या तिकडे, तुम्ही इकडे. मी नुसतं लिहून घेतेय, गुरुजी. चुकत असेल तर सांगा.

(गुरुजी फॉर्म स्वतःकडे ओढून ते कलम पुन्हा वाचतात.)

न्याम्बुरा : चहा सांगू? साखर घालून सांगते.

गुरुजी : जोराम हे बोलला नाही.

न्याम्बुरा : त्यांच्या ध्यानात आलं नसेल.

गुरुजी : माझ्याही आलं नाही. चौतीस वर्षं पोरांना उदाहरणं घातली. वाचा, परत वाचा, काय विचारलंय ते बघा, मग पेन उचला. मी उदाहरण वाचलंच नाही. नवं घर कुठे, तर ओढ्याच्या पलीकडे. तिथून बाबांचं आवार दिसतसुद्धा नाही. मध्ये केळीची बाग आहे.

न्याम्बुरा : तुम्ही दाला नाही मांडलं तर?

गुरुजी : तर मी पोरगाच राहिलो. पोरगा म्हणून मेलो. झोपडीच्या बाजूला पुरतील.

न्याम्बुरा : काकूंच्या शेजारी.

गुरुजी : तिच्या उजव्या हाताला जागा आहे. मी त्या दिवशी बघितली होती. कशाला बघितली, तेव्हा कळलं नाही.

न्याम्बुरा : घ्या, चहा आला. बिस्किटंही आहेत. वॉचमन विचारतोय, कुऱ्हाड कुणाची.

गुरुजी : माझीच. थांब, परत वाजतोय हा.

जोराम : झादोक, निघालास?

गुरुजी : नाही, दादा. ऐक. गवंड्याला आज जेवून जाऊ दे.

जोराम : जाऊ दे म्हणजे? कुठे?

गुरुजी : त्याच्या घरी. मी दाला मांडत नाहीये.

जोराम : डोकं फिरलं का तुझं? विटा पडल्यात इथे.

गुरुजी : विटांचे पैसे पाठवतो. तुला गोठा वाढवायचा होता, त्याला घे. सिमेंटवाल्याला तू शब्द दिलायस, तो तू परत घे.

जोराम : आणि कोन्सोलाता? तिच्या भावाला काय सांगू मी?

गुरुजी : तिने विचारलं होतं, पैसे उरतील का. सांग, उरले नसते. ती शहाणी आहे, तिला लगेच कळेल. आणि तिला सांग, झादोकने माफी मागितलीय. मी स्वतःही फोन करीन.

जोराम : लोक हसतील तुला. पेन्शनर माणूस, बापाच्या अंगणात पोरासारखा.

गुरुजी : हसू दे. त्या दिवशी दारात उभा होतो तेव्हा हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

जोराम : मग रिस्पाचं काय? तुलाच तिचं घर करायचं होतं ना? रडत होतास माझ्यासमोर.

गुरुजी : ती बाबांच्या आवारात आहे, दादा. बाबांना ती माझ्यापेक्षा जास्त आवडायची. राहू दे तिला तिथे.

जोराम : झादोक.

गुरुजी : हं.

जोराम : आमच्या बैठकीचं दार मी मोठं केलंय. तुला सांगितलं नाही. त्या दिवशी तिथेही पेटी जरा अडली होती.

गुरुजी : माहीतेय. कोपऱ्याचं लाकूड निघालं होतं.

जोराम : हां. ठेवतो मग. वहिनी म्हणतेय, जेव नीट.

न्याम्बुरा : साडेअकरा वाजून गेले, गुरुजी. तुमची गाडी गेली.

गुरुजी : जाऊ दे. न्याम्बुरा, तुझ्या ओळखीचा कुणी पत्रे ठोकणारा आहे का? प्रामाणिक. खिळे कमी मारून पैसे खाणारा नको.

न्याम्बुरा : माझा मामेभाऊ आहे. हळू काम करतो, पण करतो. कुठे ठोकायचेत?

गुरुजी : आमच्याच घरावर. मशीनच्या खोलीवर आधी. तिच्यावर खूप पाणी पडलंय.

न्याम्बुरा : छत्तीस लागणार नाहीत.

गुरुजी : उरतील ते भाड्याच्या खोल्यांवर. चौथ्या खोलीतला तोच सांगतो, गळतं, म्हणून भाडं देत नाही. आता काय सांगतो बघू.

न्याम्बुरा : आणि कोंबडा?

गुरुजी : रविवारी अकेयो येतेय होस्टेलवरून. तिला कापता येतो. मला उगाली ढवळता आली पाहिजे तोवर. पाणी आधी उकळायचं ना?

न्याम्बुरा : आधी पाणी, मग पीठ, थोडं थोडं. गुठळी झाली तर सोडून पळायचं नाही.

गुरुजी : पळत नाही.

न्याम्बुरा : मग रक्कम काढायचा फॉर्म फाडते. दुसरा घेते, दर महिन्याला थोडे मिळण्याचा. नाव झादोक ओलुओच. वारस म्हणून इथे अजून रिस्पाकाकूंचंच नाव आहे. बदलायचं?

गुरुजी : अकेयो आणि ओडेरा लिही. तिचं खोडू नकोस, त्याखाली लिही. जागा आहे.

न्याम्बुरा : आहे. आणि तो आकडा राहिला. किती वर्षं पुरायला हवेत?

गुरुजी : नव्या पत्र्यांना दुकानदार काय सांगतो गं, किती टिकतात?

न्याम्बुरा : तीस वर्षं सांगतात.

गुरुजी : दुकानदार वाढवून सांगतात. वीस लिही.